मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातून घरासाठी स्पीकर घेताना नेमकं काय तपासावं? साउंडबार घ्यावा की दोन स्पीकर?

तुम्ही लिहिलंय की बजेट ३० हजार आहे, पुण्यात १० बाय १५ फुटांचा हॉल आहे, बाबा दिवसभर शास्त्रीय संगीत ऐकतात आणि रात्री सगळे मिळून टीव्ही बघता. शनिवारी एका मोठ्या दुकानात तीन साउंडबार ऐकले, तिन्ही भारी वाटले, आणि काहीच न घेता परत आलात. न घेता परतलात ते फार बरं केलंत.

आधी सरळ उत्तर: तुमच्या घरी दोन स्पीकरची जोडीच घ्या. ऍम्प्लिफायर आतच असलेली, म्हणजे ऍक्टिव्ह बुकशेल्फ (कपाटात मावतील एवढ्या खोक्यांची) जोडी या बजेटमध्ये मिळते. आता हे का म्हणतोय ते सांगतो, कारण दुकानात गेल्यावर तुम्हाला याच्या उलट ऐकायला मिळणार आहे.

सहा वर्षांपूर्वी मी आमच्या घरी साउंडबार आणला. दुकानात ऍक्शन सिनेमाचा तुकडा लावला होता, स्फोट झाला की पायाखालची फरशी हलत होती. घरी आणून जोडला, वडिलांनी त्यांचं नेहमीचं यमनचं रेकॉर्डिंग लावलं आणि पाच मिनिटांनी विचारलं, "याचा डावा हात कुठे गेला रे?" मी स्वतः आठ वर्षं तबला शिकलोय, तरी दुकानात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना' खणखणीत येत होता, पण डाव्या हाताच्या डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा स्वर, ऐकूच येत नव्हती. नुसता धप्प आवाज, तोही कोपऱ्यातल्या सबवूफरमधून (खालच्या स्वरांसाठीचं वेगळं खोकं). डबा उघडल्यावर दुकानाने माल परत घेतला नाही.

यामागचं कारण साधं आहे. साउंडबारच्या पट्टीतले स्पीकर दोन-अडीच इंचांचे असतात, त्यांना खालचे स्वर झेपत नाहीत. म्हणून बऱ्याच स्वस्त साउंडबारमध्ये १५० हर्ट्झच्या आसपासचं आणि त्याखालचं सगळं सबवूफरकडे पाठवलं जातं. आता हिशेब करा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातला सा साधारण १३९ हर्ट्झवर असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ वर. म्हणजे गायक सा वर आला की स्वराचा पाया कोपऱ्यातल्या खोक्यातून आणि वरचे अंश टीव्हीखालच्या पट्टीतून येतात. साधारण ८० हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला हळूहळू कळायला लागतं, त्यामुळे गाणारा माणूस दोन जागी फाटल्यासारखा वाटतो. सिनेमातल्या स्फोटाला याने फरक पडत नाही. ख्यालाला पडतो. पाच-साडेपाच इंची वूफर असलेल्या बुकशेल्फ जोडीत हा सगळा पट्टा एकाच खोक्यातून येतो, म्हणून बाबांसाठी मी तीच सुचवतो.

आता दुकानाबद्दल. तिथे सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे व्हॉल्यूम. दोन स्पीकर एकामागून एक ऐकले आणि त्यातला एक जेमतेम एक डेसिबलने मोठा असला, तरी आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. त्यातच कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. त्यामुळे हळू लावलेला चांगला स्पीकर मोठ्याने लावलेल्या सामान्य स्पीकरपुढे पोकळ वाटतो. रिमोटवरच्या आकड्यांवर जाऊ नका. एका कंपनीचा १८ आणि दुसऱ्या कंपनीचा १८ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट ऍप घ्या, तुम्ही जिथे उभे आहात तिथेच फोन धरा, दोन्हींवर गाण्याचा तोच तुकडा लावा आणि आकडा सारखा येईपर्यंत आवाज जुळवा. ऍपचा आकडा तंतोतंत खरा नसेल, पण तुलनेला पुरतो. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि अर्धं दुकान तिथेच गळून पडतं.

गाणं तुमचंच न्या. दुकानाचा डेमो ऐकूच नका, तो त्या स्पीकरला शोभेल असाच निवडलेला असतो. फोनमध्ये तीन तुकडे डाउनलोड करून ठेवा, कारण मोठ्या दुकानांत आत बऱ्याचदा नेटवर्क नसतं. एक नुसत्या तानपुऱ्याचा: जवारीची ती झळझळ सुटी सुटी ऐकू यायला हवी, तिचा पत्र्यासारखा किरकिराट झाला तर पुढे जा. दुसरा विलंबित ख्यालाचा, ज्यात डग्ग्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नीट ऐकू येते. तिसरा नुसत्या बोलण्याचा, एखादी बातमी किंवा भाषण. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे तिथे चूक लगेच पकडली जाते. आवाज पिंपातून आल्यासारखा घुमला किंवा 'स' आणि 'श' कानाला टोचले, तर त्या स्पीकरवर पुढे काहीच नीट लागणार नाही.

जमलं तर एक जुनं मोनो रेकॉर्डिंगही ठेवा, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंना तोच आवाज असतो. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभं राहिल्यावर मोनोतला गायक अगदी मधोमध यायला हवा, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून. मागच्या वर्षी मित्रासाठी अशीच जोडी ऐकायला गेलो होतो. त्याच्या आवडीची जोडी लावली तर आवाज पसरट, डोक्याच्या आजूबाजूला तरंगणारा, आणि खर्ज जवळजवळ गायब. मित्र म्हणाला, सोड, दुसरी बघू. मला मोनो रेकॉर्डिंग आठवलं, ते लावलं, तर गायक मध्ये नव्हताच. तिथल्या मुलाला म्हटलं, "दादा, मागच्या वायरी एकदा बघू या का?" त्याने स्पीकर फिरवला. एका खोक्यावर लाल वायर काळ्या खोबणीत गेली होती. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता आणि खालचे स्वर एकमेकांना मारत होते. त्याने वायर बदलली, आणि गायक जो मधोमध येऊन बसला तो मित्राला खुर्ची ओढून बसायला लावूनच थांबला. ती जोडी आज त्याच्या घरी आहे. डिस्प्लेवरच्या वस्तू दिवसातून दहा वेळा काढल्या-लावल्या जातात, त्यामुळे वाईट वाजणारा स्पीकर नापास करण्याआधी जोडणी बघून घ्या.

त्या मुलांशी नीट वागा, दिवसभर उभी असतात. एवढंच लक्षात ठेवा की टी-शर्टवर एकाच कंपनीचं नाव असलेला मुलगा बहुतेक वेळा त्या कंपनीने नेमलेला प्रमोटर असतो. तो त्याच्याच कंपनीचा माल पुढे करणार, त्याचं कामच ते आहे. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, तेव्हा टीव्हीची भिंत बंद करायला सांगितलं तर करतात, आणि अर्धा तास एका जागी बसून ऐकू देतात.

आणि दिसण्यावर जाऊ नका. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी हार्मन कंपनीतल्याच लोकांवर एक चाचणी घेतली होती (जेबीएल हा त्याच कंपनीचा ब्रँड). लोकांनी तेच स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग समोर दिसत असताना ऐकले. दिसायला लागल्यावर गुण बदलले, आणि छोट्या, स्वस्त, प्लास्टिकच्या संचाचे गुण घसरले. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या लोकांचंच असं झालं. म्हणून बाबांना सोबत न्या, पाठ करून बसवा, किंमत सांगू नका, आणि कुठला आवडला ते विचारा. त्यांना न्यायचं आणखी एक कारण आहे. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, तुमच्या कानाला टोचणारा स्पीकर त्यांना स्वच्छ वाटू शकतो. रोज तासन् तास ऐकणार ते आहेत.

वॅटचा आकडा सोडून द्या. खोक्यावर 'पीएमपीओ' (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) दिसलं तर तो आकडा वाचूही नका, त्याला कसलंच प्रमाण नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. एक सोपी खूण आहे: यंत्रामागच्या पट्टीवर ते किती वीज घेतं हे छापलेलं असतं. तिथे ६० वॅट असेल आणि पुढे मोठ्या अक्षरांत ५००, तर ते ५०० सतत बाहेर येणं शक्यच नाही. तुमच्या हॉलला खरे ३० ते ४० वॅट प्रत्येक बाजूला पुष्कळ झाले.

दिवे लुकलुकणारे, माइक लावलेले पार्टी स्पीकर तिथे सगळ्यात पुढे मांडलेले असतील. सोसायटीच्या गणपतीला ठीक. हॉलसाठी नको.

अडचण अशी की मोठ्या दुकानात बुकशेल्फ जोड्या एखाद-दुसऱ्याच असतात, कधी एकही नसते. जागा साउंडबारने भरलेली असते. तिथे नाही मिळाली तर फक्त ऑडिओचंच काम करणाऱ्या दुकानात जा, पुण्यात अशी काही आहेत आणि ते लोक बसवून ऐकवतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायर, पिना, स्टँड मात्र स्वस्तात आणि नेमके मिळतील, ते मोठ्या दुकानातून घेऊ नका.

काउंटरवर पैसे देण्याआधी विचारा: डबा उघडल्यावर परत घेता का, किती दिवसांत, आणि हे बिलावर लिहून द्याल का? डबा तिथेच उघडून दोन्ही खोकी, रिमोट आणि वायरी मोजून घ्या. पुण्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा. 'नो कॉस्ट' हप्त्यात बँकेचं व्याज सवलतीने वजा केलेलं असतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा तुमच्याच माथी येते, तेव्हा रोख किंमत आधी विचारून तुलना करा. आणि काही वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. माझ्या साउंडबारच्या वेळी मला हा नंबर माहीत नव्हता.

घरी आणल्यावरचा अर्धा आवाज हॉल ठरवतो. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे 'टर्र' असा शेपटा ऐकू आला, तर दहा हजार रुपये जास्त देऊन जो फरक पडणार नाही तो जाड पडद्यांनी आणि स्पीकरसमोर टाकलेल्या सतरंजीने पडेल. दोन्ही स्पीकर बाबांच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून जेवढे दूर तेवढेच बाबांच्या खुर्चीपासून दूर. कोपऱ्यात खुपसू नका. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या तुमच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर आधीच घुमणार आहे, कोपऱ्यात तो आणखी फुगतो. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून बघा, डग्गा लगेच मोकळा होतो.

बाबा फोनवर ऐकत असतील तर आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी ब्लूटूथवर लावून द्या, २४ तास शास्त्रीय संगीत असतं. टीव्ही मात्र ब्लूटूथवर जोडू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एखाद्या खोबणीवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज स्पीकरकडे पाठवायची सोय) लिहिलंय का ते बघून इथेच प्रतिसादात कळवा. असेल तर तशीच खोबण असलेली जोडी शोधा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होईल. नसेल तर ऑप्टिकल खोबण आहे का बघा, दोन स्पीकरना तेवढं पुरतं.