विक्शनरीतून मराठी रूपे काढताना रकाने रिकामे का राहतात

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशाच्या डंपमधून (सगळ्या पानांच्या एकत्रित फाइलीतून) मराठी नामे, त्यांचे लिंग आणि विभक्तीची रूपे हवी आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारे सूत्र) लावून अर्थ मिळाले, पण रूपांचे रकाने रिकामे आहेत.

ते रिकामेच राहणार, कारण तक्त्यातली रूपे त्या पानाच्या मजकुरात लिहिलेलीच नसतात. तिथे फक्त साच्याचे (टेम्प्लेटचे) नाव असते. पान दाखवताना विक्शनरीचे सॉफ्टवेअर मीडियाविकी तो साचा आणि त्यामागचे लुआ भाषेतले मॉड्यूल चालवते, तेव्हा कुठे तक्ता तयार होतो. रोमन लिप्यंतराचेही तेच. एमडब्ल्यूपार्सरफ्रॉमहेल ही पायथन लायब्ररी साचा ओळखून देईल, पण उलगडणार नाही.

विक्टएक्स्ट्रॅक्ट हे पायथनमधले साधन लुआ मॉड्यूल स्वतः चालवते. त्यातून निघालेला डेटा कायक्की डॉट ऑर्गवर तयार मिळतो. आधी तोच घ्या. स्वतः चालवायचे तर साधन आधी डंपमधली पाने एका एसक्यूलाइट डेटाबेसात भरते. फक्त मराठी हवी असली तरी ही पायरी टळत नाही, कारण साचे आणि मॉड्यूल सर्व भाषांत वाटून घेतलेले असतात. त्या डेटाबेसाचा पाथ ठरवून द्या, म्हणजे पुढच्या वेळी हा वेळ वाचेल.

निघालेल्या डेटाची फाइल जेसन-लाइन्समध्ये, म्हणजे दर ओळीला एक नोंद अशी, असते. ती अख्खी मेमरीत घेऊ नका. एकेक ओळ वाचा आणि भाषेचा कोड 'एमआर' असलेल्याच ठेवा. भाषेच्या नावात 'मराठी' शोधलेत तर जुनी मराठीही आत येते. तिचा कोड 'ओएमआर' आहे.

एक ओळ म्हणजे एक शब्द असे समजू नका. 'मान' (गळ्याची, स्त्रीलिंगी) आणि 'मान' (आदर, पुल्लिंगी) यांच्या नोंदी वेगळ्या. शब्दच 'की' (नोंद ओळखण्याची खूण) धरलात तर एक दुसरीवर चढेल. शब्द, शब्दजात आणि व्युत्पत्तीचा क्रमांक मिळून की करा. लिंग बहुधा अर्थाच्या टॅगमध्ये सापडते.

सर्वांत जास्त घाण 'फॉर्म्स'मध्ये, म्हणजे नोंदीतल्या रूपांच्या यादीत, असते. 'टेबल-टॅग्स' आणि 'इन्फ्लेक्शन-टेम्प्लेट' असे टॅग असलेल्या ओळी रूपे नाहीत, तक्त्याच्या खुणा आहेत. 'रोमनायझेशन' टॅग असलेले लिप्यंतर असते. ही तिन्ही गाळा. मूळ शब्द मोजताना ज्या नोंदीत नुसतेच 'अमक्याचे रूप' असते, त्याही बाजूला काढा.

मग येतो मराठीचा खास सापळा: अर्धा र. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होते: नुक्त्याच्या ऱ-ने, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र हे दोन शब्द. एनएफसी (युनिकोडचे प्रमाणीकरण) केल्याने र अधिक नुक्ता यांचा ऱ होतो, पण जॉइनरवाले रूप तसेच राहते. ते बदलण्याचा नियम स्वतः लिहा, आणि एनएफसीनंतर तुमच्या शब्दयादीलाही तोच लावा. नाहीतर जुळणी गुपचूप चुकते.

डेटा पुढे वाटणार असाल तर विक्शनरीचा परवाना सीसी बाय-एसए ४.० आहे: श्रेय द्यावे लागते आणि बदललेला डेटाही त्याच अटींवर द्यावा लागतो.