जीपच्या एअर क्लीनरमध्ये तेल किती भरावे?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची सीजे-३बी पेट्रोल जीप आहे. गेल्या महिन्यात तिच्या ऑइल बाथ एअर क्लीनरचे (इंजिनात जाणारी हवा तेलाच्या मदतीने गाळणाऱ्या भागाचे) भांडे मी पेट्रोलने धुतले आणि काठोकाठ तेल भरले. तेव्हापासून गाडी निळसर धूर सोडते. मेकॅनिक हा क्लीनर काढून कागदी फिल्टर बसवायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, फलटण

उत्तर : क्लीनर काढू नका, आधी तेल कमी करा. भांड्याच्या आतील बाजूस तेलाच्या पातळीची खूण असते. तेल तिच्यावर गेले की हवेबरोबर ओढले जाऊन कार्ब्युरेटरमार्गे (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) जाऊन इंजिनात जळते आणि निळा धूर येतो. पातळी खुणेवर आणल्यावरही बरेच दिवस धूर राहिला, तर मात्र पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह तपासून घ्यावेत.

या क्लीनरमध्ये हवा वेगाने खाली येते आणि तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळून वर जाते. जड धूळ त्या वळणावर मागे राहून तेलात पडते, तर बारीक धूळ वरच्या तेलाने भिजलेल्या तारेच्या जाळीत अडकते. म्हणजे पातळी कमी असणेही तितकेच वाईट, कारण मग जाळी कोरडी राहते व धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

धुण्यासाठी पेट्रोल पुन्हा कधीही वापरू नका. त्याच्या वाफेने आग लागण्याचा धोका फार मोठा आहे. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे, म्हणजे जाळीतील तेल खाली निथळते. मग भांडे सोडवून जुने तेल ओतून काढावे, तळाशी बसलेला चिखल लाकडी पट्टीने खरवडावा आणि भांडे रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडे पुसावे. जाळीचा भागही गाडीवरून उतरवून रॉकेलमध्ये खळबळावा व पूर्ण निथळू द्यावा. हे काम बहुतेक जण टाळतात, पण बरीच धूळ तिथेही असते. त्यानंतर इंजिनात वापरता त्याच ग्रेडचे ताजे तेल खुणेपर्यंत भरावे. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल, तर किलोमीटर मोजत न बसता दर आठवड्याला भांडे उघडून पाहावे.

बसवताना गॅस्केट (सांध्यातून हवा शिरू न देणारी चकती) आणि कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी होज नीट पाहा. होजला चीर असेल, तर न गाळलेली हवा तिथूनच आत शिरते आणि स्वच्छ क्लीनरचा काही उपयोग होत नाही. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.