‘माझी इम्युनिटीच कमी पडली’

“माझी इम्युनिटीच कमी, म्हणून हा व्हायरस जात नाही ना?” माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, हिपॅटायटिस बी हा यकृताचा व्हायरल आजार असलेली माणसं हे इतक्यांदा विचारतात, की त्यातल्या एकाची गोष्ट लिहायचं ठरवलं. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

वय 29, लग्नाला वर्ष झालेलं. रक्तदान केल्यावर रक्तपेढीतून फोन आला आणि निदान झालं. तेव्हापासून त्याने आपल्या ताटाच्या अन् पेल्याच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके लावून ठेवले होते. शिवाय रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीत आईकडून बाळाला होतो, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. बायकोची तपासणी आणि लसही झाली. ठिपके मात्र तसेच राहिले.

तिसऱ्या भेटीत त्याने फाईल पुढे केली. “व्हायरल लोड कोटींत आणि एसजीपीटी 24! हे कसं?” म्हणजे रक्तात व्हायरस प्रचंड, पण यकृताची इजा दाखवणारी तपासणी मात्र नॉर्मल.

उत्तर मला ठाऊक होतं, पण मी दिलं नाही. “हेच डॉक्टरांना विचारा, आणि आईचीही तपासणी करा.”

पुढच्या वेळी आला तो वेगळाच. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. “मॅडम, व्हायरस स्वतः लिव्हर फारसं खात नाही म्हणे. आपलीच प्रतिकारशक्ती व्हायरस शिरलेल्या पेशींवर तुटून पडते, इजा त्यातून होते. माझ्या शरीराने त्याला शत्रू मानलंच नाही.”

“मग हरलं कोण?”

तो फाईलची दोरी बोटाला गुंडाळत बराच वेळ गप्प बसला. “मी धरून बसलो होतो, की शरीराने जिंकायलाच हवं होतं. पण एका दिवसाच्या बाळाने काय लढायचं?”

त्या ‘जिंकायलाच’मधला ‘च’ गळताना ऐकायला मी इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय. माहिती मीही देऊ शकले असते, पण स्वतःवरचा आरोप ज्याचा त्यानेच मागे घ्यावा लागतो. त्या दिवशी गप्प राहिले, याचं आजही समाधान वाटतं.

जन्मतः लागण झालेल्या 10 पैकी सुमारे 9 बाळांमध्ये हा व्हायरस मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. पुढे वर्षानुवर्षं तोच शत्रू समोर असल्याने त्याच्याशी लढणाऱ्या पेशी थकतात. हा थकवा मुख्यतः या एका व्हायरसपुरता असतो. आणि शरीर आणि व्हायरसमधली ही शांतता कधीही मोडू शकते, म्हणून बरं वाटत असलं तरी तपासण्या चुकवू नका. ‘इम्युनिटी बूस्टर’ नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली आहे. स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं सुरू होणार असतील तर आधी हा आजार सांगा, दबलेला व्हायरस उसळू शकतो. टेनोफोविर हे व्हायरस दाबून ठेवणारं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. 2018 मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

शेवटच्या भेटीला तो आईला घेऊन आला. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मीच दिलं की रे तुला.”

मी बोलायच्या आत तोच म्हणाला, “तुला तरी कुठे माहीत होतं, आई?” मग माझ्याकडे वळून, “बहिणीची तपासणी सोमवारी आहे.”