संचालक मंडळात कोण आहे आणि जोखीम व्यवस्थापन कसं आहे, याचा कंपनीच्या नफ्यावर खरंच परिणाम होतो का?

होतो. पण स्वतंत्र (म्हणजे मालकांशी नातं-व्यवहार नसलेले) संचालक वाढवले की नफा वाढतो, असं विचारत असाल तर नाही. सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीच्या बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते. त्याच बोर्डाने 16 डिसेंबर 2008 ला सत्यमचे संस्थापक राजू यांच्या कुटुंबाच्या कंपन्या 160 कोटी डॉलरला घ्यायला होकार दिला. तीन आठवड्यांत राजूंचीच खोट्या हिशेबांची कबुली बाहेर!

मी कंपनी सेक्रेटरी, म्हणजे बोर्डाच्या बैठका आणि नोंदी सांभाळणारी. पुण्याजवळच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीत होते, नाव नको. बोर्डावर साहेब (म्हणजे मालक), त्यांचा मुलगा, सूनबाई (एक महिला संचालक लागते ना), साहेबांचा शाळासोबती आणि एक निवृत्त बँक मॅनेजर. शेवटचे दोघे 'स्वतंत्र'.

साठ टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जायचा. रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे कंपनीपुढच्या धोक्यांच्या यादीत, मी ते पहिल्याच ओळीत, लाल अक्षरात टाकलं. अजेंड्यावर मात्र तो विषय बारावा. तोवर काजू संपलेले, शाळासोबती घड्याळाकडे बघतायत. साहेब हसून म्हणाले, "शुभ बोल नाऱ्या! मॅडम, नोंद घेतली म्हणून लिहा." बैठकीच्या इतिवृत्ताच्या मसुद्यात मी 'सविस्तर चर्चेची गरज' लिहिलं होतं, ते हिरव्या शाईने खोडलं.

दीड वर्षाने गिऱ्हाइकाने आमचे भाग लागायचे ते गाडीचं मॉडेलच बंद केलं. आमची एक शिफ्ट गेली, बँकेकडे हप्त्यांना मुदत मागायची पाळी आली. आणि साहेब मलाच म्हणतात, "तुम्ही जोर देऊन सांगायला हवं होतं."

तुम्हाला गुंतवणुकीसाठी बघायचं असेल तर वार्षिक अहवालात संचालकांच्या पदव्या वाचू नका, जोखीम समितीच्या बैठका आणि हजेरी मोजा. आयएल अँड एफएस या 2018 मध्ये कोसळलेल्या वित्त कंपनीची जोखीम समिती 2015 ते 2018 मध्ये एकदाच भरली होती, डोक्यावर कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर. आता शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना या समितीच्या वर्षातून किमान दोन बैठका लावून दिल्यात. त्या चहापुरत्याही होऊ शकतात म्हणा.

आणि हो, घरचंच बोर्ड असून उत्तम चालणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्यात. शिवाय भरभराटीतल्या कंपनीकडे नावाजलेले संचालक आपणहून येतात, त्यामुळे कशाने काय झालं हे नुसत्या आकड्यांवरून ठरवणं अवघड.

पण जोर द्यायला हवा होता म्हणे! ती लाल ओळ सलग चार तिमाहींच्या रजिस्टरमध्ये होती. चारही पानांवर सही साहेबांचीच, हिरव्या शाईत.