मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट; फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटतं. दोन्ही शिकायचे असतील तर शीक, पण एकदम नको. आधी इनस्क्रिप्ट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्टसह ख. हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण, डीवर; 'क्य' या जोडाक्षरासाठी क-हलन्त-य. 'वाऱ्यावर'मधला ऱ शिफ्ट-जेवर असतो. साधा र घेतलास तर 'वार्यावर' उमटेल, आणि पुण्यात ते कोणी सोडत नाही!

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडलास की विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषांची अदलाबदल होते. सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय असतो, तो चालू कर. मग वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी, तशीच राहते. पासवर्ड चुकतोय वाटलं तर आधी टास्कबारवरची भाषा बघ. नको असलेले लेआउट काढूनच टाक, नाहीतर तीन-चार पर्यायांतून गोल फिरत बसशील.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात कीबोर्डवर लावायचे अक्षरांचे स्टिकर शोधायला जाऊ नकोस. ते चिकटवले की नजर खालीच राहते. कोणतं अक्षर कुठे याचा तक्ता छापून पडद्याशेजारी लाव. फोनेटिक घाईच्या मेसेजला ठीक, पण ट-त, ण-न करताना शिफ्टचा गोंधळ होतो. रोज लिहायचं असेल तर माझं मत इनस्क्रिप्टलाच.