परतीचं तेल जाणार कुठे, ते आधी सांगा

आंबा आटोपला आणि आगोटीची घाई सुरू झाली की माझ्याकडे एकाच जातीचे प्रश्न येतात. छोटा ट्रॅक्टर घेतलाय, पुढे लोडर बसवलाय, आता बकेटवर क्लॉ, म्हणजे उघडमीट होणारा जबडा, हवाय. झावळ्या, छाटलेल्या फांद्या, पातेरा नुसत्या बकेटमध्ये राहत नाही, चिमटीत धरावा लागतो, त्यामुळे मागणी रास्त आहे. अडचण अशी की लोडरच्या व्हॉल्व्हला स्पूल, म्हणजे तेलाची दिशा ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या, दोनच असतात, एक बूम, म्हणजे लोडरचे हात, वरखाली करायला आणि दुसरा बकेट वळवायला. क्लॉ उघडमीट करायला तिसरी सोय लागते. ती कशी करायची याबद्दल जितके गॅरेजवाले तितकी मतं आहेत. या खेपेला आलेल्या प्रश्नांतले काही निवडून घेतले आहेत.

लांजा: ट्रॅक्टरला मागे ट्रॉली उचलायचं टॅपिंग आहे. त्यावरच क्लॉ चालेल का?

नाही. ट्रॉलीचा जॅक सिंगल ॲक्टिंग असतो. तेल त्याला वर ढकलतं आणि खाली तो ट्रॉलीच्या वजनाने येतो. क्लॉला उघडायलाही तेल लागतं आणि मिटायलाही. मागे दोन कपलिंगची डबल ॲक्टिंग जोडी असेल तर तिथून दोन पाइप पुढे नेता येतात. फक्त दर वेळी हात मागच्या लिव्हरवर न्यावा लागेल.

गुहागर: एक विक्रेता डायव्हर्टर घ्या म्हणतो, दुसरा वेगळा तिसरा व्हॉल्व्ह. दोघंही त्याला ‘थर्ड फंक्शन किट’च म्हणतात. किमतीत मात्र मोठा फरक आहे.

नाव एक ठेवलं की फरक विचारायचं गिऱ्हाइकाला सुचत नाही, म्हणूनच ठेवतात.

डायव्हर्टर म्हणजे रेल्वेचा सांधा. बकेट वळवणाऱ्या दोन पाइपांच्या वाटेत तो बसतो. लिव्हरच्या मुठीवरचं बटण दाबलं की तेच तेल बकेटऐवजी क्लॉकडे जातं, सोडलं की पुन्हा बकेटकडे. त्यामुळे बकेट वळवणं आणि क्लॉ मिटणं एकाच वेळी जमत नाही. वेगळा तिसरा व्हॉल्व्ह पंपाच्या मुख्य वाटेत बसतो आणि बकेटच्या स्पूलवर अवलंबून राहत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सहा तोंडांचा ठोकळा, दोन आत, दोन बकेटला, दोन क्लॉला, म्हणजे डायव्हर्टर. पंपाकडून येणारी आणि टाकीकडे जाणारी जाड लाइन जोडायची असेल तर तो स्वतंत्र व्हॉल्व्ह. पैसे दुसऱ्याचे आणि माल पहिला असा सौदा मी पाहिलेला आहे.

बागेतल्या कामाला मी डायव्हर्टरच सुचवतो. कारण स्वस्ताई नाही. ट्रॅक्टरच्या मुख्य तेलवाटेला हात लावावा लागत नाही, हे आहे. ती वाट बिघडवली की काय होतं ते पुढच्या उत्तरात येईल. डायव्हर्टर बसवताना दोन गोष्टी मात्र पाहा. बटण दाबल्यावर त्याचा स्पूल सरकवणाऱ्या विजेच्या कॉइलला फ्यूज आणि रिले लावून घ्या. 30 वॅटची कॉइल 12 व्होल्टवर अडीच अँपिअर खेचते आणि ती हेडलाइटच्या वायरीवर अडकवून देणारे बहाद्दर आहेत. दुसरं म्हणजे क्लॉचा वेग. समजा पंप मिनिटाला 15 लिटर तेल देतो. क्लॉचा जॅक 40 मिलिमीटर बोअरचा आणि 20 सेंटिमीटर स्ट्रोकचा असेल तर त्यात साधारण 250 मिलिलिटर तेल मावतं. म्हणजे जबडा एका सेकंदात मिटतो. जवळ गडी उभा असेल तर एक सेकंद फार कमी असतो. पाइपात रिस्ट्रिक्टर घालून वेग उतरवा. डायव्हर्टरचा स्पूल बुचासारखा घट्ट बसत नसल्यामुळे पकड हळूहळू ढिली होते. लाकूड धरायचं असेल तर जॅकवरच लॉक व्हॉल्व्ह हवा. तो कोणत्या मापाचा, हे जॅक देणाऱ्याला विचारा.

देवगड: लोडर लावताना मेकॅनिकने व्हॉल्व्हचं आउटलेट सरळ मागच्या लिफ्टच्या लाइनला जोडलं. सहा महिने काही झालं नाही. आता रोटाव्हेटर उचलताना लोडरच्या व्हॉल्व्हमधून तेल झिरपतं. सील बदलून भागेल का? त्यावरच तिसरा स्पूल वाढवायचा विचार आहे.

सील बदलून भागणार नाही, आणि तिसऱ्या स्पूलचं नाव सध्या काढू नका.

हे पत्र मला दर वर्षी येतं, फक्त गाव बदलतं. तेव्हा सावकाश सांगतो. छोट्या ट्रॅक्टरचा गिअर पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल ढकलतच राहतो. तुम्ही लिव्हर हलवा की नका हलवू, त्याला थांबणं ठाऊक नाही. कोणी मागत नसेल तेव्हा ते तेल व्हॉल्व्हच्या मधल्या वाटेने निमूट पुढे जातं. याला ओपन सेंटर म्हणतात. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जावं तसं ते आधी लोडरच्या व्हॉल्व्हमधून आणि मग मागच्या लिफ्टकडे जायला हवं.

आता त्या व्हॉल्व्हमध्ये तेल दोन जातींचं असतं. एक, न वापरलेलं, पुढे लिफ्टला उपयोगी पडणारं. दुसरं, जॅकच्या मागच्या बाजूने परत आलेलं, ज्याचं काम संपलं आणि ज्याला टाकीत जायचं आहे. साध्या व्हॉल्व्हमध्ये या दोघांना बाहेर पडायला तोंड एकच असतं, टाकीचं. ते तोंड दाब सोसायला केलेलंच नसतं, कारण टाकीकडे जाताना दाब असायचं कारण नाही. तुमच्या मेकॅनिकने नेमकं तेच तोंड लिफ्टला जोडलं. रिकामी लिफ्ट असताना काही कळलं नाही. रोटाव्हेटर उचलायला लागलात की लिफ्ट अडते, आणि अडलेला सगळा दाब मागे फिरून व्हॉल्व्हच्या नाजूक बाजूवर येतो. आज सील ओघळतंय, उद्या कास्टिंगला चीर जाईल. सहा महिने चाललं म्हणजे बरोबर होतं असं नाही. व्हॉल्व्ह सहा महिने मार खात होता.

यासाठी व्हॉल्व्हला तिसरं तोंड लागतं, पॉवर बियाँड. बऱ्याच व्हॉल्व्हना त्याची वेगळी स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नळी, मिळते. ती बसवली की न वापरलेलं तेल पॉवर बियाँडमधून लिफ्टला जातं आणि काम संपलेलं तेल टाकीच्या तोंडातून थेट ट्रॅक्टरच्या तेलाच्या पेटीत, म्हणजे टाकीत, उतरतं. म्हणजे जाड लाइनी तीन हव्यात: पंपाकडून, लिफ्टकडे आणि टाकीकडे. तुमच्या व्हॉल्व्हला दोनच असतील तर दोष तिथेच आहे. टाकीची लाइन आकाराने मोठी घ्या आणि पेटीत तेलाच्या पातळीखाली सोडा. वरून धार पडली की फेस होतो, आणि फेस पंपाला खातो. स्लीव्ह ज्या व्हॉल्व्हला मिळत नाही तो व्हॉल्व्ह या जागेला चालत नाही, कितीही नवा असो.

आणखी एक. या मुख्य वाटेत क्विक कपलर, म्हणजे झटपट काढायचं-लावायचं कपलिंग, शक्यतो घालू नका. लोडर काढताना दोन्ही टोकं एकमेकांना जोडणारा वळसा लावायला कोणी विसरला तर कपलर दोन्हीकडून बंद होतो, पंपाच्या तेलाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह त्या बंद तोंडाच्या पलीकडे असेल तर तो वाचवू शकत नाही. पंपाचा शाफ्ट तुटायला मग काही क्षण पुरतात.

हे वाचून स्वतः पाना हातात घेऊ नका. सगळ्या ट्रॅक्टरांची वाट अशी नसते. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या लिफ्टमध्ये कंट्रोल पंपाच्या तेल ओढायच्या बाजूला असतो, तिथे हे गणितच बदलतं. तुमच्या मॉडेलचा हायड्रॉलिकचा नकाशा डीलरच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो समोर ठेवून काम करणारा माणूस शोधा. नकाशा लागत नाही म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. तोवर लोडर आणि रोटाव्हेटर दोन्ही उभे ठेवा.

चिपळूण: ओला चिरा उचलत नाही. रिलीफचा स्क्रू एक आटा आवळला की ताकद वाढते असं ऐकलं.

वाढते, पाइप फुटेपर्यंत. 50 मिलिमीटर बोअरचा जॅक 150 बारवर सुमारे 3 टन रेटतो. एवढ्यावर उचलत नसेल तर दाब तिथे पोचत नाही किंवा बोजाच जास्त आहे. क्लॉचं स्वतःचं वजनही लोडरच्या क्षमतेतूनच वजा होतं, हे कोणी विक्रेता सांगत नाही. आधी गेज लावून दाब मोजा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. गेज नसलेल्याने स्क्रूला हात लावू नये.

दापोली: कलमांचे खड्डे मारायला लोडरला पुढे हायड्रॉलिक ऑगर लावायचा आहे.

जॅक क्षणभर तेल मागतो, मोटर सतत मागते. 150 बार आणि मिनिटाला 15 लिटर म्हणजे पावणेचार किलोवॅट, जेमतेम 5 एचपी, तेही गळतीचं आणि घर्षणाचं नुकसान न धरता. आपल्या कातळात एवढ्यावर ऑगर नुसता फिरेल आणि तेल तापेल. मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, चालणारा ऑगर घ्या. तुमच्या ट्रॅक्टरला कितीचा झेपेल ते विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा. तुमच्या तर गावातच आहे.

मुरूड: सकाळी काढलेलं क्लॉचं कपलिंग दुपारी बसतच नाही. हातोडीने ठोकू का?

नको. उन्हाने पाइपातलं तेल फुगलं आणि दाब अडकला. बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवा. डायव्हर्टर असेल तर चावी चालू ठेवून बटण दाबत हलवा. तो दाब क्लॉच्या बाजूच्या पाइपात असेल तर ते कपलिंग मेकॅनिककडून सोडवून घ्या. पुढच्या वेळी काढण्याआधीच दाब सोडा, क्लॉ सावलीत ठेवा, टोप्या लावा. तांबडी धूळ आत गेली तर स्पूलवर ओरखडे येतात.

राजापूर: नव्या पाइपाची फिटिंग टेफ्लॉन टेप लावूनही गळते.

टेप काढा. तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन पद्धती आहेत. अर्धा इंची मापात दोन्हींचे आटे इंचाला 14 असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात सुरुवातीला गोडीत फिरतं. पण आट्याचा कोन एकाचा 55 अंश आणि दुसऱ्याचा 60. टेप हा त्यावरचा इलाज नाही. दोन्ही फिटिंग घेऊन होज क्रिम्प करणाऱ्याकडे जा आणि थ्रेड गेजने तपासून घ्या.

वेंगुर्ला: पाइपातून बारीक फवारा येतो, जागा सापडत नाही. हात फिरवून पाहिलं तर कळेल का?

हात फिरवू नका! सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल कातडीतून आत घुसतं. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. म्हणूनच लोक तेल पुसून कामाला लागतात. आत तेल पसरत जातं आणि बोट, कधी हात गमावावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका चालकाने ‘उद्या बघू’ म्हटलं होतं, त्याची दोन पेरं गेली. इंजिन बंद करा, बकेट खाली टेकवा, दाब सोडा आणि पाइप बदला. जागा शोधायचीच असेल तर मेकॅनिकला सांगा. तोही चष्मा लावून, लांबून पुठ्ठा धरून शोधेल. तेल आत गेल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचं हायड्रॉलिक तेल घुसलंय हे शब्द वापरून सांगा. नाहीतर मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी याल.

कुडाळ: भरलेली बकेट उचलली की मागची चाकं हलकी होतात.

मागे वजन लावा. किती, ते लोडरच्या पुस्तकात आहे. तोवर बकेट गुडघ्याच्या वर नेऊन चालवू नका, आणि गडग्याच्या कडेने उतरणीला तर मुळीच नाही.

श्रीवर्धन: पावसाळ्यात लोडर चार महिने उभा असतो. गेल्या वर्षी सील गेली. घर समुद्रालगत आहे.

सील गेली ती रॉडमुळे. खाऱ्या हवेने उघड्या रॉडच्या क्रोमला खड्डे पडतात आणि तो खडबडीत रॉड आतबाहेर होताना सील कापतो. उभा करताना बूम पूर्ण खाली आणि बकेट मागे वळवून ठेवा, म्हणजे बहुतेक लोडरांत रॉड आत जातात. जेवढा बाहेर राहील तेवढ्याला ग्रीस फासा. क्लॉचा जॅकही मिटलेला ठेवा आणि डायव्हर्टरची वायर जोडलेली जागा तोंड खाली करून बांधा. दसऱ्याला पूजेआधी पेटीतलं तेल काढून पाहा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. मग चावी न फिरवता मेकॅनिकला बोलवा.