तक्रार एका वाक्यात

प्रिय मुली,

तुझा तक्ता मिळाला. तीन कारागीर, ट्यूबाचे अकरा माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचे तुकडे. प्रत्येकापुढे कपचा (ओठांखालच्या वाटीचा) व्यास, खोली, थ्रोट (कपच्या तळाचं भोक), रिमची (ओठ टेकतात त्या कडेची) जाडी, वजन. शेवटच्या रकान्यात इकडून तिकडून गोळा केलेली विशेषणं : गडद, मोकळा, भरीव. आणि सगळ्याच्या खाली तुझी एक ओळ, ‘यातला कुठला घेऊ?’

तक्ता मी दोनदा वाचला. त्यात तू कुठेच नाहीस. तुझा खर्ज पहिल्या फुंकेत बोलतो की घुटमळतो, ओठ किती वेळात शिणतात, वरचे सूर चढतात की पडतात, यातलं एक अक्षर नाही. आणि हे तुला कळत नाही असंही नाही. मागच्या खेपेला तू वाजवताना मी ऐकलं आहे, तुझे कान तिखट आहेत. मग कान बाजूला ठेवून मोजपट्टी का हातात घेतलीस?

आधी तक्रार लिही. एका वाक्यात. माउथपीसचं नंतर बघू.

मी तिशीत होतो तेव्हा असाच एका कारागिराला फोन केला होता. एकटा माणूस, स्वतःच लेथवर उभा राहणारा, फोनही तोच उचलणारा. त्याने विचारलं, ‘आत्ताच्यात काय खटकतं?’ मी म्हणालो, आवाज मोठा हवा. ‘मोठा म्हणजे जोरात, की रुंद? खाली हवा की सगळीकडे?’ मी गप्प. मग लाज वाटून ठोकून दिलं, ‘सगळीकडे.’ त्याने बिचाऱ्याने मागितलं ते दिलं : खोल कप, ऐसपैस थ्रोट. मधल्या सप्तकात सूर जागेवर बसेना, अर्ध्या ओळीत दम संपू लागला, आणि मी चारचौघांत त्याच्या कामाला नावं ठेवत हिंडलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, एवढाच काय तो दोष होता, आणि तो माझा होता.

पुढची सात वर्षं मी माउथपीस बदलत राहिलो. मग एकदा वाद्यदुरुस्तीवाल्याने माउथपीस रिसीव्हरमध्ये, म्हणजे वाद्यात तो बसतो त्या खोबणीत, घातला, काढला, पुन्हा घातला आणि म्हणाला, ‘हा फारच आत जातोय.’ शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात शिरणारी दांडी, चुकीचा! ट्यूबाच्या शँकचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात : लहान, स्टँडर्ड म्हणजे अमेरिकन, आणि त्याहून जरा जाड युरोपियन. फरक मिलिमीटरच्या अंशांत मोजायचा. पण शँकचं टोक आणि लीडपाइपची, म्हणजे वाद्याच्या पहिल्या नळीची, सुरुवात यांच्यामधली फट त्याने बदलते, आणि ती फट चुकली की काही सूर उशिरा बोलतात, काही डळमळतात. माझी खरी तक्रार ‘खालचे सूर हळू वाजवताना उशिरा बोलतात’ एवढीच होती. हे वाक्य मी त्या कारागिराला सांगितलं असतं, तर त्याने कपची गोष्ट काढायच्या आधी शँकचं विचारलं असतं. सात वर्षं वाचली असती.

म्हणून सांगतो, एका वाक्यात.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे तुझे गुरुजी म्हणणार, म्हणू देत. कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. पण कुठल्या कोपऱ्यात वाकडं आहे ते नाचणाऱ्यालाच सांगावं लागतं.

आता तुझ्या आकड्यांकडे येतो, कारण तू त्यांवर फार विसंबली आहेस. कपचा आतला व्यास तू ३२.५ आणि ३२.८ मिलिमीटर असा दशांशापर्यंत लिहिला आहेस. पण रिमची आतली कड गोलाई घेत उतरते. व्यास त्या उतारावर किती खोलीला मोजायचा, याचा सगळ्यांनी पाळलेला एक नियम नाही. एक कारागीर थोडं वर मोजतो, दुसरा थोडं खाली. म्हणजे दोघांचा ३२.५ तुझ्या ओठांना वेगवेगळा लागू शकतो. एकाच कारागिराच्या दोन मापांची तुलना कर, ती खरी. मॉडेलच्या नंबरांचं तर बोलूच नकोस. बाख या माउथपीसच्या कंपनीच्या यादीत नंबर वाढला की माप लहान होत जातं. पेरांटुची या दुसऱ्या ब्रँडच्या ५० आणि ८८ मध्ये तसला क्रम शोधशील तर फसशील. (हे नाव पेरांटोनी आणि टुची या दोन आडनावांच्या जोडणीतून आलं आहे. मला वर्षानुवर्षं तो एकच माणूस वाटत होता.)

व्यासापेक्षा रिमची आतली कड बघ. ती धारदार असेल तर सूर चटकन आणि स्वच्छ सुटतो, पण तासाभराने ओठ बोलू लागतात. बोथट असेल तर आराम, पण सुरुवात जरा मऊ. कपचा आकार ही दुसरी मोठी गोष्ट. ऑगस्ट हेलेबर्ग हे अमेरिकन बँडमास्टर सूझाच्या बँडमधले ट्यूबावादक. त्यांच्या नावाचा माउथपीस नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, आणि आजचे कितीतरी छोटे कारागीर त्याच्याच आवृत्त्या कातून देतात. दुसरा घाट वाडग्यासारखा. नरसाळ्याचा सूर गोल आणि खोल. वाडग्याचा जास्त रेखीव, सुरुवातीला ठाशीव. आकाराने लहान अशा एफ ट्यूबावर वरचं काम जास्त असतं, तिथे उथळ कप बहुधा सोयीचा पडतो. तू बी-फ्लॅट वाजवतेस. साधारण अठरा फुटांची नळी, तळचा मूळ सूर सेकंदाला जेमतेम २९ कंपनांचा. तिथे कप फार उथळ केलास तर खर्ज कोरडा पडेल. थ्रोट साधारण आठ मिलिमीटरच्या आगेमागे असतो. तो ड्रिलने नंतर मोठा करता येतो, लहान करता येत नाही. लहान की मोठा यात मन अडकलं तर लहान थ्रोट माग.

मुलामा, वजन, स्टील की पितळ, यात रात्री जागवू नकोस. चांदी कुणाकुणाच्या ओठांना सोसत नाही, त्यांनी सोन्याचा मुलामा किंवा स्टील घ्यावं. बाकी ते सगळं शेवटी.

आता तू विचारशील, तक्रारच लिहायची तर कारखान्याचा तयार माल काय वाईट? वाईट काहीच नाही. पण कारखान्याला तुझं वाक्य ऐकायला वेळ नसतो, छोट्या कारागिराला असतो. त्याच्याकडून आपण पितळ घेतोच, पण खरं तर त्याचं ऐकणं घेतो. तो तोच कप ठेवून रिम बदलून देईल, तोच माउथपीस तुझ्या रिसीव्हरला बसेल असा शँक कातेल. तुकड्यांचा स्क्रू-रिम माउथपीस घेतलास तर रिम तीच ठेवून खालचा कप बदलता येतो. मात्र एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांना बसतीलच असं नाही, ते आधी विचार. आणि तो एकटा माणूस आहे हेही लक्षात ठेव. उद्या तो थांबला तर ते मॉडेल संपलं. आवडलं तर मापांचं टिपण त्याच्याकडून लिहून घे.

माझ्या कपाटात तेवीस माउथपीस आहेत हे तुला माहीत आहे, आणि ते बघून तू हसतेस तेही मी बघतो. हस. पण ते काही वाया गेले नाहीत. प्रत्येकाने मला काय नको ते शिकवलं. बरं, सगळ्यांनी नाही. सहासात नुसते हावेपायी घेतले. राहिलेल्यांना मात्र मी नाकारणार नाही. आणि सोळा वर्षं एकच वाजवतो म्हणून बरोबरीचे मला हटवादी म्हणतात, तर म्हणोत. माझं वाक्य मिटलं आहे. नवा घेऊन मी कुठली तक्रार मांडू?

आणखी एक, आणि यात मी चिडतो तसा चिडणार. अर्नोल्ड जेकब्स १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनी या वाद्यवृंदात ट्यूबा वाजवत होते. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता कमी होती, तरीही श्वासाबद्दल त्यांच्याकडे शिकायला जगभरातून वादक यायचे. तुझं वाक्य ‘मला दम पुरत नाही’ असं निघालं, तर ते कारागिराला पाठवू नकोस. ते आधी मला पाठव.

चाचणीला आलेला माउथपीस पहिल्या दिवशी नेहमीच छान वाटतो. त्या दिवसाचं मत धरू नकोस. दोन आठवडे तोच. खालच्या सप्तकात हळू, लांब सूर, ट्यूनर समोर. मग कुणाला तरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसव आणि कुठला लावला आहे ते न सांगता जुना आणि नवा दोन्ही वाजव. बेलच्या, म्हणजे ट्यूबाच्या कर्ण्याच्या, मागे बसून तुला जे ऐकू येतं त्यावर श्रोते जगत नाहीत.

आणि हे सगळं करायच्या आधी, आजच, एक कागदाची पातळ पट्टी घे. शँकभोवती एक वेढा दे म्हणजे माउथपीस किंचित बाहेर राहील. खालचा एफ हळू वाजव. मग दोन वेढे. काही बदललं तर किती वेढ्यांना बदललं ते लिहून ठेव. आणि माउथपीस कागदाशिवायच रिसीव्हरमध्ये डुगडुगत असेल, तर तेही कळव.

तुझा,
काका